स्टॉक बॉटमवर पॉवर वाढवायची? आधी इंजिन तपासून घ्या

गावाकडे गाडी थोडी जरी पळवणारा पोट्टा असला की पॉवर वाढवायच्या आधी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, तोही इंजिनच्या खालच्या, कंपनीने दिलेल्या तशाच भागाबद्दल (त्यालाच स्टॉक बॉटम म्हणतात), "भाऊ, स्टॉक बॉटम किती एचपी झेलते?" आणि कोणीतरी लगेच आकडा फेकून देते, वीस झेलते, शंभर झेलते, ज्याच्या मनात जो येईल तो. हा आकडा मागूच नका. तेच इंजिन, तेच अपग्रेड, एकाच्या हाती वर्षानुवर्षं चालते अन दुसऱ्याच्या हाती पोळ्याच्या आत रॉड बाहेर काढते. काहून? एचपी तर दोघांचं सारखंच आहे ना. खालच्या भागाला मारणाऱ्या गोष्टी चारच, वाढलेले आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), कमी आरपीएमवर वाढलेला टॉर्क (क्रँक पिळायची ताकद), नॉकिंग (आत इंधन आपोआप भडकून होणारी टणटण) अन गर्मी, आणि ऑइल. तुमचं अपग्रेड यातलं नेमकं काय वाढवून राहिलं हे समजलं की अर्धा निकाल लागला, उरलेला अर्धा तुमचं इंजिन आज कोणत्या हालतीत आहे त्यावर.

नवीन लोकांसाठी आधी शब्द क्लिअर करू. मिस्त्री "हाफ इंजिन" म्हणते तेव्हा हेड, बोर (सिलिंडर), पिस्टन, रिंग, म्हणजे चेंबर (इंजिनचं खालचं कवच) न फोडता होणारं काम. "फुल इंजिन" म्हणजे चेंबर फोडून क्रँक बाहेर. बॉटम म्हणजे हा दुसरा भाग, क्रँक, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड, बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) अन क्रँकला धरणारं मेन बेअरिंग, ऑइल पंप, आणि हे सगळं धरून ठेवणारं चेंबर किंवा ब्लॉक. पिस्टन हाफमधे मोजतात पण ताकदीचा हिशोब करताना त्याला बॉटमसोबतच धरा, कारण त्याचा सगळा भार रॉडवरच येते.

आधी हे ठरवा की तुम्ही वाढवणार काय

सायलेन्सर, एअर फिल्टर, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र), एवढंच करून राहिले असाल तर बॉटमची चिंता करायचं काम नाही. पॉवर थोडीशीच वाढते, मिक्स्चर बरोबर ठेवलं म्हणजे झालं. (सायलेन्सरचा आवाज अन पोलिसांची पावती हा वेगळा विषय.)

बोर किट टाकून स्प्लेंडरचं १२५ नाहीतर १३५ करत असाल तर पिस्टन मोठा होते म्हणजे जड होते, म्हणून जुन्याच आरपीएमवर रॉडला झटका जास्त. वरून चेंबरचं तोंड बोर करून पातळ केलं जाते. स्प्लेंडरच्या क्रँकचा बॅलन्स कंपनीने त्यांच्या पिस्टनच्या वजनावर बसवलेला आहे, तुमच्या नाही, तर व्हायब्रेशन येणारच.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मोठा कार्ब्युरेटर, लिमिट नसलेला सीडीआय (ठिणगीचा बॉक्स) हे सगळं आरपीएमचं काम. डिझेल गाडीचं रिमॅप (कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं), ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवणं, ट्रॅक्टरवर बाहेरून टर्बो (हवा कोंबणारा पंखा) लावणं हे टॉर्कचं काम. आणि हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं म्हणजे नॉकिंगला जेवायला बोलावणं.

आरपीएमचा हिशोब, कागदावर करून पाहा

पॉवर दीडपट केली तर भार दीडपट होते असं लोकांना वाटते. आरपीएमच्या बाबतीत तसं नाही, तिथे भार वर्गाने वाढते. ८००० चे ९००० केले तर आरपीएम साडेबारा टक्के वाढले पण रॉडवरचा झटका सव्वापटीच्या वर गेला.

जुनी स्प्लेंडर घ्या, ९७.२ सीसी, बोर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिमी. पिस्टन, पिन, रिंग मिळून १०० ग्रॅम धरा हिशोबापुरतं. ८००० आरपीएमला पिस्टन वर जाऊन थांबते अन उलटा खाली ओढला जाते, त्या क्षणी हा १०० ग्रॅमचा ऐवज रॉडला साधारण २२० किलोच्या ताकदीने वर ओढून राहिलेला असते. १०,००० ला हाच आकडा ३४५ किलोच्या आसपास जाते. पिस्टन १३० ग्रॅमचा टाकला तर त्याच्यावर आणखी तीस टक्के. आणि हे सेकंदाला दीडशेच्या वर वेळा.

यात एक गोष्ट लोक विसरतात. रॉड ताणला जाऊन तुटते ते बहुतेक एक्झॉस्टच्या शेवटी, जेव्हा पिस्टनच्या डोक्यावर गॅसचा दाब नसते, त्याला वरून धरायला कोणी नसते. म्हणून गाडी फुल रेस करून चुकून खालचा गेअर पडला, अन थ्रॉटल बंद असतानाच आरपीएम लाल पट्टीच्या वर गेले, की तिथे खेळ खल्लास. पॉवर त्या वेळी शून्य होती तरी! रॉड दोन तुकड्यांचा असेल, म्हणजे कार अन ट्रॅक्टरमधे, तर आधी रॉडचे बोल्ट जातात. स्प्लेंडर-पल्सरसारख्या गाडीत रॉड अखंड असते, तिथे रोलर बेअरिंगचा पिंजरा तुटते, नाहीतर प्रेस केलेली क्रँक पिन जागेवर फिरून क्रँक आऊट (वाकडी) होते.

दुसरा सोपा आकडा पिस्टनच्या सरासरी स्पीडचा. स्ट्रोक मीटरमधे घ्या, दोनने गुणा, आरपीएमने गुणा, साठने भागा. स्प्लेंडर ८००० ला १३.२ मीटर प्रति सेकंद. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा स्ट्रोक ९० मिमी, ती ५००० लाच १५ वर जाते. म्हणून बुलेटवाल्याने ६५०० ची स्वप्नं पाहू नये, तिथे स्पीड साडेएकोणीस होते, आणि त्या जुन्या बुलेटमधे बिग एंडला रोलर नाही, फ्लोटिंग बुश आहे, ऑइल पंपही जेमतेम. त्या गाडीत पॉवर वाढवायची असेल तर रोलर बिग एंड अन जास्त ऑइल टाकणारा पंप आधी, कार्ब्युरेटर मागून.

टॉर्कचा हिशोब, म्हणजे डिझेलवाल्यांचा

आपल्याकडे डिझेल स्विफ्ट अजून गावोगाव दिसते. तिचं १२४८ सीसीचं इंजिन, फियाटचं १.३ मल्टीजेट, हे स्टॉक बॉटमचं शिकायसारखं उदाहरण आहे. साध्या टर्बोवर ते ७५ पीएस (एचपीसारखंच माप) पॉवर अन १९० न्यूटन मीटर टॉर्क द्यायचं. मारुतीच्याच एर्टिगा, सियाझमधे व्हेरिएबल टर्बोवर ९० पीएस अन २०० न्यूटन मीटर. नीट पाहा, कंपनीने पॉवर १५ ने वाढवली पण टॉर्क फक्त १० ने. जास्तीची पॉवर वरच्या आरपीएमवर काढली, खाली २००० वर दाब फारसा वाढूच दिला नाही. आणि आपण रिमॅपवाल्याकडे जाऊन काय सांगतो? "भाऊ, खालून पिकअप पाहिजे." म्हणजे कंपनीने जिथे हात आखडला तिथेच आपण ढकलून राहिलो.

हा दाब किती असते तेही पाहून घ्या. बोर ६९.६ मिमी, म्हणजे पिस्टनचं डोकं ३८ चौरस सेंटिमीटर. जळतानाचा दाब १५० बार धरला तर एका पिस्टनवर पावणेसहा टनांच्या आसपास भार आला, आणि तो सगळा रॉडमधून बेअरिंगच्या पातळ ऑइल थरावर. कमी आरपीएमवर क्रँक हळू फिरते, त्यामुळे तो ऑइलचा थर तसाही पातळच असते. दोर हळू ओढली तर कापसाचं पोतं उचलते अन झटका दिला तर तुटते, रॉडचंही तसंच आहे.

म्हणून रिमॅप करायचंच तर ट्यूनरला सरळ सांगा, २२०० च्या खाली टॉर्क स्टॉकच्या जवळ ठेव, वाढवायचं ते पुढे वाढव. गाडी पहिल्या दिवशी तेवढी "मारणार" नाही, मित्र म्हणतील पैसे वाया गेले, म्हणू द्या. क्लच तर तसाही आधी बोंबलते, आणि खरं सांगायचं तर क्लच घसरणं हे बॉटमसाठी चांगलंच, फ्यूजसारखं काम करते ते.

ट्रॅक्टरचं वेगळं सांगायला पाहिजे. कापसाची ट्रॉली जिनिंगला न्यायची, नाहीतर काळ्या ओल्या जमिनीत रोटाव्हेटर ओढून राहिला, म्हणून पंप वाढवून घेणारे लय आहेत. पंप वाढवला, काळा धूर सोडला, अन वरच्या गेअरमधे १२०० आरपीएमवर रेटत नेला, याच्याइतकी बेअरिंगची वाट लावणारी दुसरी चाल नाही. वरून जास्तीचं डिझेल बोरच्या भिंतीवरून खाली उतरते अन ऑइल पातळ करते. बाहेरून टर्बो लावणाऱ्यांनी हे पाहावं की कंपनीच्या टर्बो मॉडेलमधे बऱ्याचदा पिस्टन वेगळा असते, पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणारे जेट असतात. तुमच्या साध्या मॉडेलमधे ते नसले तर टर्बो लावून पिस्टन थंड कशाने होणार?

नॉकिंग अन आपला उन्हाळा

यावर जास्त बोलत नाही पण मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर असते, आत जाणारी हवाच गरम. जे ट्यूनिंग डिसेंबरच्या सकाळी गोड चालते तेच मेमधे दुपारी दोनला चढावर टणटण करते. नॉकिंगमधे दाब एकदम उसळते, पिस्टनच्या रिंगमधल्या पट्ट्या फुटतात, बेअरिंगवर हातोडा बसते. म्हणून ट्यूनिंगची परीक्षा उन्हाळ्यातच घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने नॉकिंग कमी होते हे खरं, पण त्यात ऑक्सिजन असते, त्यामुळे कार्ब्युरेटरवाली गाडी थोडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते, मेन जेट एखाद नंबर वर घ्यावा लागू शकते. आरएक्स १०० वाल्यांनी तर हे पाठच करा, टू-स्ट्रोकच्या बॉटमला ऑइल मिळते ते आत जाणाऱ्या मिक्स्चरसोबतच, ऑइल पंप काढून पेट्रोलमधे ऑइल मिसळून चालवत असाल तर लीन झाली म्हणजे गर्मीही वाढली अन ऑइलही कमी झालं, दोन्ही एकाच वेळी. क्रँकचं ऑइल सील हवा ओढत असलं तरी गाडी अशीच लीन होते, म्हणून चेंबर पाईप (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) लावायच्या आधी दोन्ही सील नवे.

आता खरं काम, तुमचं इंजिन तपासणं

लोक "स्टॉक बॉटम" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात शोरूममधलं इंजिन असते. तुमच्या हातात असते ते तिसऱ्या मालकाकडून घेतलेलं, मीटर बंद, मधे कधी हाफ इंजिन झालेलं, कोणत्या कंपनीचा रॉड आत आहे देव जाणे. म्हणून एक रुपयाचा पार्ट घ्यायच्या आधी हे करा.

ऑइल गरम असताना काढा, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातून गाळा. ऊन असेल तिथे कपडा तिरपा धरा. काळी भुकटी चालते. चुंबकाला चिकटणारे बारीक कण म्हणजे लोखंड, क्लच-गेअरचे थोडे येतातच, पण खवले किंवा सुईसारखे तुकडे असतील तर रोलर बेअरिंग गेलं समजा. चुंबकाला न चिकटणारी चांदीसारखी चमक म्हणजे ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा शेल बेअरिंगचा (कार-ट्रॅक्टरमधलं अर्धगोल पट्टीचं बेअरिंग) वरचा थर, आणि तांबूस चमक दिसली तर शेलचा आतला थर उघडा पडला, तिथे अपग्रेडचा विषय संपला अन रिपेअरचा सुरू झाला. कारचा फिल्टर कटरने कापून कागद पसरून पाहा. स्प्लेंडरमधे कागदी फिल्टर नाही, उजव्या बाजूचं क्लच कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला गोल फिरता फिल्टर आहे, त्याचं झाकण खोला, आत चिखलासारखा थर बसलेला असते. तो थर बोटाने घासून पाहा, या गाडीचा सगळा इतिहास त्यात आहे. बरेच मिस्त्री तो कधी खोलतच नाहीत.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावून काटा थांबेपर्यंत किक मारा. आकडा कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहा, वाढला तर रिंग-बोर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. कारमधे चार सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. ट्रॅक्टर-डिझेलला ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनवर पाहा, फकफक धूर मारत असेल तर रिंगा थकल्या, त्यावर टर्बो लावू नका.

आवाज. बिग एंडचा आवाज जड, खालून येणारा ठकठक, रेस सोडताना जास्त समजते. पिस्टनचा आवाज थंडीत जास्त अन गरम झाल्यावर कमी होते, बेअरिंगचं उलटं, ऑइल पातळ झालं की वाढते. कोणत्या सिलिंडरचा आहे हे पाहायला त्या सिलिंडरचं जळणं बंद करा, आवाज दबला तर तोच. जुन्या ट्रॅक्टरवर इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करून हे करतात ते ठीक आहे, पण स्विफ्टसारख्या कॉमन रेल डिझेलवर चालू इंजिनात तो नट चुकूनही सैल करू नका, तिथे दाब शेकडो बार असते, हजाराच्या वरही जाते, डिझेल कातडीच्या आत घुसते, हात गमवायची वेळ येते. तिथे फक्त इंजेक्टरचा वायरचा सॉकेट काढायचा.

ऑइल प्रेशर. डॅशवरचा लाल दिवा फक्त दाब जवळजवळ संपला की पेटते, त्याच्या भरवशावर राहू नका. प्रेशर स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करून पाहा. कारसाठी जुना ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला किमान १० पीएसआय. गरम झाल्यावर आयडलला काटा पडून जात असेल तर शेल झिजले किंवा पंप थकला.

मोटरसायकलचा बोर उतरवलाच असेल तर रॉड वरच्या टोकाला आणा, दोन्ही हातांनी धरा, सरळ वर-खाली ओढा. वर-खाली खेळ जराही लागला, हाताला टक् असं जाणवलं, की बिग एंड गेला. बाजूने थोडा हलते ते चालते, तो असतेच, नवीन लोक तोच पाहून घाबरतात अन वर-खालीचा पाहातच नाहीत. क्रँक बाहेर काढली असेल तर लेथवाल्याकडे दोन सेंटरमधे धरून डायल गेज लावायला सांगा, आऊट किती हे आकड्यात पाहिजे, "बरोबर आहे भाऊ" हे उत्तर चालत नाही. छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमधे मर्यादा बहुतेक ०.१ मिमीच्या आसपास असते.

मग करायचं काय

तपासणीत सगळं चोख निघालं, आरपीएम स्टॉकच ठेवणार, टॉर्क पंधरा-वीस टक्के वाढणार, तर बॉटम खोलू नका. चांगली बसलेली क्रँक उगाच फोडून गावच्या लेथवर प्रेस करून आणणं हे त्यापेक्षा जास्त रिस्कचं. इंजिन ठीक आहे पण आरपीएम वाढवायचे आहेत, तर रॉड किट, बेअरिंग अन क्रँक ट्रूइंग (सरळ करणं) हे कॅमच्या आधी. आणि झिजलेलं निघालं, तर फक्त स्टॉकवर नीट करून आधी सहा महिने चालवा ना बाप्पा, काय घाई आहे.

बॉटम खोललंच तर बोल्टवर कंजुषी करू नका, रॉडचे बोल्ट जे ताणून बसवायचे असतात ते दुसऱ्यांदा वापरत नाहीत, आणि टॉर्क रेंच पाहिजे, "हाताचा अंदाज" नाही. रॉड किट ओरिजिनल घ्या, नागपूर-अमरावतीला डुप्लिकेट माल ओरिजिनलच्याच डब्यात मिळते, पिनवरचं फिनिश अन रोलरच्या पिंजऱ्याच्या कडा नखाने पाहा. शेलचा क्लिअरन्स मायक्रोमीटर अन बोर गेजने मोजून घ्या, ठोकताळा जर्नलच्या (बेअरिंगमधे फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या) व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच. रिंगचा गॅप ५० मिमी बोरला ०.२ मिमीच्या आसपास, टर्बो असेल तर त्यापेक्षा जास्त, कारण गरम होऊन रिंगची टोकं एकमेकांना भिडली की रिंगच पिस्टन फोडते.

एक विचारणं नेहमीचं, क्रँक कास्ट आहे की फोर्ज्ड कसं ओळखायचं? क्रँकच्या पिनांमधल्या जाड भागावर साच्याची रेघ पाहा. बारीक, धारदार रेघ म्हणजे कास्ट, बोटभर रुंद घासलेला पट्टा म्हणजे फोर्ज्ड. कास्ट आहे म्हणून लगेच रडू नका, स्टॉक आरपीएमवर ती मरत नाही.

कागदाचंही पाहून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत आहे त्यापेक्षा वेगळं इंजिन किंवा मूळ बनावटीत बदल चालत नाही, अन अपघातात इन्शुरन्सवाला पहिलं तेच शोधते.

काम झाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरला ऑइल काढा, तोच पांढरा कपडा, तेच चुंबक. मग ५०० ला पुन्हा. सुरुवातीला सलग एका स्पीडवर चालवू नका, रेस वर-खाली करत चालवा. रिमॅपवाल्या स्विफ्टला समृद्धीवर सलग १२० ने शिर्डीपर्यंत ताणायच्या आधी ऑइल अन कूलंटच्या टेम्परेचरचं गेज लावून घ्या, गावच्या रस्त्यावर दोन मिनिटं फुल रेस मारणं वेगळं अन दोन तास भार धरून ठेवणं वेगळं, पहिल्यात गर्मी साचायला वेळच मिळत नाही. स्प्लेंडरमधे ऑइल लिटरभरही मावत नाही, तेव्हा वाढीव इंजिनावर दर रविवारी लेव्हल पाहायची, अन गाडीची कंपनी जेवढ्या किलोमीटरला सांगते त्याच्या निम्म्यातच ऑइल बदलायचं.